वेलाला भोपळा का धरला नाही

दीपमालाताई,

पत्ता घालत नाही. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मधे एक जिना. तरी पत्रच लिहिते आहे, कारण समोर आलात की तुम्ही आधी ‘चहा घेता का’ म्हणता आणि माझा मुद्दा राहतो बाजूला. मुद्दा असा. फूल देवाला वाहावं, केसात माळावं, नाहीतर झाडावर राहू द्यावं. केळफूल आणि शेवग्याची फुलं भाजीत जातात हे मलाही ठाऊक आहे, मी काही आभाळातून पडलेली नाही. पण दिसेल ते फूल कढईत टाकायचं आणि वर दुसऱ्याच्या नवऱ्याला खाऊ घालायचं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तुम्ही स्वभावाने चांगल्या आहात, त्याबद्दल वाद नाही. पण चांगल्या माणसाने सांगायची गोष्ट सरळ सांगावी. जिन्यात उभं राहून अर्धी सांगू नये.

एवढं पत्र कल्याणीबाई बिवलकरांच्या डोक्यात तयार होतं. भाजी निवडताना, दूध तापत ठेवून उभं राहताना त्या ते पहिल्यापासून म्हणत, आणि ‘अर्धी सांगू नये’पाशी येऊन थांबत. पुढचं वाक्य काही केल्या येत नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला वाक्य अडण्याची सवय नव्हती.

दीपमाला रामटेके मूळच्या भंडाऱ्याकडच्या. पाटबंधारे खात्यात लागल्या, बदलीवर पुण्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा लवकर गेला. मुलगी पूर्वा शिकून बंगळूरला नोकरीला लागली. निवृत्त झाल्यावर बाईंनी शनिवार पेठेतल्या या इमारतीत सगळ्यात वरचा फ्लॅट घेतला, म्हणजे उन्हाने तापणारा, आणि म्हणूनच कुणाला नको असलेला. त्यांना तोच हवा होता, कारण डोक्यावर गच्ची होती. वर्षभरात गच्चीच्या एका कडेला कुंड्या आणि जुने ड्रम लागले, गोकर्ण कठड्यावर चढली, लाल भोपळ्याचा वेल पाण्याच्या टाकीवर पसरला. मागच्या बोळात हादग्याचं झाड होतं, त्याची फुलं त्या आकडीने काढत. पहाटे काढलेलं फूल आणि ऊन चढल्यावर काढलेलं फूल यांची चव वेगळी लागते असं त्यांचं म्हणणं. हादग्याच्या फुलातला कडू दांडा काढून टाकायचा, भोपळ्याची मात्र फक्त नर फुलं तोडायची. मादी फुलाच्या बुडाशी इवला भोपळा असतो, ते तोडलं तर वेल वांझ राहतो.

घरात त्यांच्या दोन परड्या असत. एक बुद्धमूर्तीपुढे वाहायच्या फुलांची, दुसरी शेगडीवर जाणाऱ्या फुलांची. ह्या परडीतलं त्या परडीत कधी जायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, वाहिलेलं फूल कोमेजताना बघायचं असतं, खायचं नसतं. इमारतीतल्या बायकांना हे फार आवडलं. कल्याणीबाईंना नाही. जी बाई फुलांसाठी दोन परड्या ठेवते, तिच्याकडे तिसरीही असणार, असं त्यांचं मत पडलं.

त्यांचे यजमान वैजनाथराव मात्र खूश होते. ते शाळेत विज्ञान शिकवत, आणि त्यांचे विद्यार्थी अजूनही सांगत की नर फूल कुठलं आणि मादी कुठलं हे सरांनी भोपळ्याचं फूल वर्गात आणून दाखवलं होतं. श्रावण लागला तसे ते रोज सकाळी गच्चीवर जाऊ लागले. दीपमालाबाई त्यांना सर म्हणत. सर फुलं तोडत, बाई कुंड्यांना पाणी घालत, आणि सर खाली येत ते हातात डबा घेऊन. कधी भोपळ्याच्या फुलांची भजी, कधी हादग्याची परतलेली भाजी, कधी लाडू. मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर ज्यांच्या पानात वरणभातही उरायचा, ते वैजनाथराव डबा पुसून खात. कल्याणीबाईंनी केलेल्या पोळीला नावं ठेवून वरच्या भज्यांचं कौतुक करत. इथे कुठल्याही बायकोचे कान टवकारतील. कल्याणीबाईंचे तर मुळातच टवकारलेले होते.

‘हे लाडू कसले?’ त्यांनी एकदा विचारलं.

‘मोहाचे. ताईंच्या बहिणीकडून मोहफुलं येतात. वाळवली की मनुकेसारखी दिसतात.’

‘मोह म्हणजे ज्याची दारू गाळतात तो?’

‘तोच,’ वैजनाथराव म्हणाले आणि दुसरा लाडू उचलला.

त्याच सुमाराला ते बिघडू लागले. रेडिओचं बटण आणायला बुधवार पेठेत गेले आणि हात हलवत परत आले; म्हणाले दुकानच नाही तिथे. दुकान होतं. लग्नापासून तिथेच होतं. एका दुपारी त्यांनी चहा पिता पिता आई जेवली का असं विचारलं. त्यांची आई चौलच्या घरी वारून जमाना झाला होता. शेजारच्या विश्वजीतला त्यांनी दोनदा त्याच्याच वडिलांच्या नावाने हाक मारली. आणि हे सगळं करताना चेहऱ्यावर एक सैलसर, गोड हसू. कल्याणीबाईंनी ते हसू गावातल्या हातभट्टीसमोर बसलेल्या माणसांच्या तोंडावर पाहिलं होतं. कारण आणि परिणाम यांची जोडी लागली. गच्ची, डबा, मोह, हसू.

शास्त्राची माणसं नुसता संशय घेत नाहीत, चाचणी घेतात. त्यांनी डब्यातला एक लाडू स्वतः खाल्ला आणि खुर्चीत बसून वाट पाहिली. काही झालं नाही. लाडू खजुरासारखा लागला, वर थोडे तीळ. म्हणजे वास दाबायला खजूर घातला असणार, हा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि एका लाडवाने काही होत नाही, साठतं ते हळूहळू, हा दुसरा. औंधला राहणाऱ्या मुलीला, सोनालीला, फोन केला. तिने सांगितलं की मोह आता सुपरफूड आहे, ऑनलाइन मिळतो, आई तू उगाच पॅनिक होऊ नकोस, बाबांचं वय झालं. कल्याणीबाईंनी फोन ठेवला. वय त्यांचंही झालं होतं. त्यांना दुकानं सापडत होती.

मग जिन्यातली ती भेट. शनिवार होता, कल्याणीबाई पिशवी घेऊन मंडईला निघालेल्या. दीपमालाबाई वरून येत होत्या. त्यांनी आधी काम सांगितलं: मंडईत चांगलं केळफूल दिसलं तर एक आणाल का, सरांना त्यांच्या आईच्या हातच्या केळफुलाच्या वड्यांची आठवण येते, रोज तेच बोलतात. कल्याणीबाई बघू म्हणाल्या. माझ्या सासूच्या वड्या ही करणार, हे त्यांनी मनात टिपून ठेवलं. मग दीपमालाबाई एक पायरी खाली आल्या, कठड्याला हात धरला आणि हळूच म्हणाल्या,

‘कल्याणीताई, सरांना एकदा डॉक्टरांना दाखवून आणा.’

‘कशाला? तुमच्या लाडवांवर उतारा विचारायला?’

दीपमालाबाईंना ते समजलं नाही, किंवा समजलं आणि त्यांनी सोडून दिलं. ‘काही गोष्टी लवकर दाखवलेल्या बऱ्या असतात,’ एवढं म्हणून त्या वर गेल्या. कल्याणीबाई त्या दिवशी केळफूल न घेताच परत आल्या. ज्या बाईने आधी विष घालायचं तिनेच वैद्य सुचवायचा, यापेक्षा पक्का पुरावा कुठला हवा होता?

गळणाऱ्या गच्चीबद्दल सोसायटीची सभा भरली तेव्हा तो पुरावा त्यांनी सगळ्यांपुढे मांडला. आधी कुंड्यांच्या ओलीबद्दल बोलल्या. मग भोपळ्याच्या वेलाबद्दल: अख्खी टाकी अडवली आहे, आणि हंगाम संपत आला तरी वेलाला एक भोपळा धरला नाही, मग हा खटाटोप कशासाठी? सेक्रेटरी उत्तरेश्वर शिंदे मान डोलावत होते. आणि मग, थांबायला हवं होतं तिथे न थांबता, कल्याणीबाई म्हणाल्या, ‘भोपळा धरत नाही, पण माणसं मात्र वरून झिंगून खाली येतात.’

कुणीतरी हसलं. वैजनाथरावही हसले, विनोद कुणावर आहे हे न कळता. दीपमालाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वेलाला भोपळा का धरला नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या ते बोलल्या नाहीत.

‘उद्यापासून सर वर येणार नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘पण मग त्यांना एकटं बाहेर सोडत जाऊ नका.’

‘माझ्या नवऱ्याचं मी बघते.’

‘बघा. तेच सांगून राहिले मी.’

गच्चीला कुलूप लागलं. किल्ली उत्तरेश्वरांकडे. डबा यायचा थांबला. कल्याणीबाई आता सुधारणेची वाट बघू लागल्या. सुधारणा झाली नाही. वैजनाथराव पान तसंच ठेवून उठू लागले, रात्रीचा सदरा सकाळी उलटा घालू लागले, आणि विचारू लागले की वर कधी जायचं. शरीरातून मोह उतरायला वेळ लागतो, असं कल्याणीबाई स्वतःला समजावत. महिनाभर तर त्यांनी ते सहज खरं मानलं. हुशार माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की मूर्खापेक्षा चांगली काढतो.

एका सकाळी टाकी धुवायला माणसं आली आणि गच्चीचं दार उघडं राहिलं. वैजनाथराव घरात नव्हते. कल्याणीबाईंनी खाली रस्त्यावर पाहिलं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे विचारलं, आणि मग धापा टाकत वर गेल्या. ते वेलाजवळ उकिडवे बसले होते. सदऱ्याचा ओचा करून त्यात पिवळी फुलं भरली होती.

‘ये,’ ते म्हणाले. ‘बघ, एकही चुकलेलं नाही. सगळी नर आहेत. मादी फुलाला हात लावायचा नाही, मुलांना मी हेच सांगतो.’

कल्याणीबाईंनी ओच्यात पाहिलं. प्रत्येक फुलाच्या बुडाशी एक भोपळा होता. बोराएवढा, लिंबाएवढा, लव असलेला, हिरवागार. नर फुलं वेलावर तशीच डुलत होती. ते एक एक फूल बोटांत धरून, बुडाचा भोपळा अंगठ्याने चाचपून बायकोला दाखवत होते, आणि म्हणत होते, नर. हेही नर.

ओचा तसाच सांभाळत त्यांनी नवऱ्याला खाली आणलं, खुर्चीत बसवलं, दाराला बाहेरून कडी घातली आणि परत जिना चढून तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. दीपमालाबाईंनी दार उघडलं. चहाचं विचारायच्या आधी कल्याणीबाई बोलल्या.

‘लाडवांत मोह किती घालत होतात?’

‘मोह? सरांना मोह मी कधी दिलाच नाही. त्यांचं औषध चालू, मला नको वाटलं. खजूर-तिळाचे होते. मोहाच्या गोष्टी मात्र सांगायची मी त्यांना, आमच्या गावच्या. त्यांना वाटलं असेल तोच खातोय.’

म्हणजे सगळा खटला ज्याच्या साक्षीवर उभा केला, त्या साक्षीदारालाच काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं. कल्याणीबाईंनी चौकटीला हात टेकला.

‘वेलाचं तुम्हाला केव्हा कळलं?’

‘पहिल्याच आठवड्यात.’

‘आणि तरी तोडू दिलंत?’

‘भोपळा काय, मंडईत मिळतो,’ दीपमालाबाई म्हणाल्या. ‘ते इतके मन लावून तोडायचे. त्यांना चुकलं कसं म्हणणार?’

‘निदान मला तरी सांगायचंत. सभेत तोंड होतं ना तुम्हाला?’

‘सगळ्यांच्या समोर? सर बसले होते तिथं.’

कल्याणीबाई खाली आल्या. डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जाऊन आल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि आधी आणायला हवं होतं असंही म्हणाले, जे सगळेच डॉक्टर म्हणतात.

त्यानंतर गच्चीचं कुलूप निघालं. कुणी अर्ज केला नाही, कुणी विचारलं नाही. कल्याणीबाई उत्तरेश्वरांकडून किल्ली घेऊन आल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दाराच्या कडीत अडकवून, बेल न वाजवता, खाली आल्या. आता सकाळी दीपमालाबाई खाली येऊन सरांना हाताला धरून वर नेतात. डबाही येतो. कल्याणीबाई तो धुऊन, पुसून, परत पाठवतात. रिकामा. शेजारधर्माने रिकामा डबा परत करू नये हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यात काय घालायचं हे ठरत नाही.

केळफूल घालता आलं असतं. वैजनाथरावांना दिवसेंदिवस बायकोचं नाव आठवायला वेळ लागतो, पण एवढं एक काम त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही. ‘केळफूल दिलंस का वर?’ ते विचारतात. कल्याणीबाई म्हणतात, शनिवारी.

शनिवारी मंडईत त्या केळफुलं विकणाऱ्या बाईपुढे उभ्या राहतात. केळफूल हातात घेतात, वजन बघतात. एखाद्याचा देठ सुकलेला वाटतो, एखाद्याचं टोक काळं. मागच्या शनिवारी एक मिळालं, जड, घट्ट, जांभळं. देठाला चीक ओला होता. विकणारी म्हणाली, आजी, आज सकाळचंच आहे, घ्या. कल्याणीबाईंनी वरचं एक पान सोलून आत पाहिलं. मग आणखी एक सोललं. आत फुलांच्या फण्या दाटीवाटीने बसल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, कुठे डाग नाही.

‘आतून कसं निघेल कुणी सांगावं,’ त्या म्हणाल्या, आणि ते परत ढिगावर ठेवून मेथीच्या जुड्या बघायला लागल्या.