पंगतीत शेवटी

ब्रिगेडियरसाहेबांना त्यांच्या बायकोनं ठेवलेलं नाव होतं 'उपाशी'.

लग्नानंतर ते पहिल्यांदा सासरी जेवायला गेले आणि पानावर बसेचनात. मेहुण्या जेवल्या का? स्वयंपाकीण जेवली का? गाडीवाला? सासऱ्यांना वाटलं, जावई रुसला. सासूबाईंनी घाईघाईनं आणखी एक गोड पदार्थ केला.

"अगं आई, रुसले नाहीत ते," बाईंनी समजावलं. "त्यांच्याकडे रीतच आहे. जवान जेवल्याशिवाय अधिकारी जेवत नाही."

"मग आपल्याकडे काय लढाई चाललीय?"

पुढे लेफ्टनंटचे कॅप्टन झाले, मेजर झाले, कर्नल झाले, ब्रिगेडियर झाले. खोड तीच. बर्फातली चौकी असो की वाळूतला तंबू, शेवटचा जवान ताटली धुवायला उठला की मग हे पहिला घास घेत. बाईंनी दर बदलीला नव्या खिडक्यांच्या मापानं जुने पडदे कापले, जोडले. लेकीला दर वेळी नव्या शाळेत रुळवलं. त्यांना एकच हवं होतं. नवऱ्यानं मेजर जनरल व्हावं. हे त्या लपवतही नसत.

"एवढं बिऱ्हाड पाठीवर वाहिलंय. तेवढं बघू दे मला."

अखेर एका वर्षी त्या पदासाठी निवड होणार होती. त्याआधी एक वरिष्ठ जनरल तपासणीला आले. त्यांच्या शेऱ्याला वजन होतं. तपासणीत बोट ठेवायला जागा सापडली नाही. दुपारी मेसमध्ये पांढरंशुभ्र टेबल मांडलं होतं. बाईही होत्या. सूप आलं. ब्रिगेडियर उभेच.

"बसा की," जनरल म्हणाले.

"सर, दरड उपसायला गेलेली तुकडी यायचीय अजून. सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या. आपण सुरू करा."

"त्यांचं जेवण राखून ठेवलंय ना?"

"ठेवलंय, सर."

"मग?"

ब्रिगेडियर नुसते हसले. बाईंनी डोळे वटारले. उपयोग शून्य. जनरल एकटेच जेवले आणि गोड न घेताच उठले. त्यांची गाडी गेली आणि मग तुकडी आली, चिखलानं माखलेली.

काही महिन्यांनी निवड जाहीर झाली. त्यात साहेबांचं नाव नव्हतं. कारण कोणी सांगत नाही. बाईंना कोणी सांगायची गरजही नव्हती.

त्या दिवशी त्यांनी साहेबांचं पान वाढलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बसल्या.

"एक घास खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?"

साहेबांनी खरोखरच विचार केला. "काही नाही."

"मग?"

"उतरला नसता गं."

"आणि आता काय मिळालं?"

"मिळालं काही नाही. पण त्या दिवशी पोरांबरोबर जेवलो ना, फार चवीचं लागलं."

"जेवा मग आताही चवीनं. मला भूक नाही."

साहेब ताटासमोर हात बांधून बसले. भाजीची वाफ विरली. पोळी वातड झाली.

"माझ्यासाठी थांबू नका म्हटलं ना!"

"असू दे. मला घाई नाही."

हा माणूस आपल्याआधी जेवायचा नाही, हे बाईंना ठाऊक होतं. जनरलनं सांगूनही जो जेवायला बसला नव्हता, तो बायकोला काय दाद देणार! त्या स्वतःशीच हसल्या, मग चिडल्या हसल्याबद्दल. स्वतःचं ताट वाढून घेऊन समोर येऊन बसल्या. घास तोडला.

"गार झालंय सगळं," त्या म्हणाल्या.

"सवय आहे," म्हणत साहेबांनी ताट पुढं ओढलं.