लाईट गेल्यावरची फिल्म

आमच्या शाळेत जीवशास्त्राचा तास दुपारी असायचा आणि लोडशेडिंगही दुपारीच. तास सकाळी घ्या म्हणून मी मुख्याध्यापकांच्या मागे भुणभुण लावली होती, पण गणिताचे सर सकाळचा तास सोडायला तयार नव्हते. शेवटी वैतागून मी ठरवलं, जेवढी चालेल तेवढी फिल्म दाखवायची.

मी गोंदियाहून कोहमाऱ्यापर्यंत बसने जायचे आणि पुढे जे मिळेल त्याने. पिशवीत डब्याच्या वर प्राण्यांवरच्या, झाडांवरच्या फिल्मच्या सीडी असायच्या. त्यांतला निवेदक इंग्रजीत बोलायचा, म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून मी मराठीत बोलायचे. शाळेचा टीव्ही असा की त्यात वाघसुद्धा हिरवा दिसे. तरी नववीची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघायची. आणि अगदी रंगात आलं की लाईट जायची.

मग आमचा खरा तास सुरू व्हायचा. ज्याची पाळी असेल त्याने उभं राहून उरलेली फिल्म सांगायची, आणि जे पाहिलं त्याला धरूनच सांगायची. एकाने सापाच्या पोटातून बेडकाला उडी मारायला लावून बाहेर काढलं, तर मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "काऊन निघन बे? सापाचे दात आतल्या बाजूनं वळले आहेत न, आताच तं दिसले!" मग दोघांची जुंपायची. मी टेबलाला टेकून ऐकत राहायचे. इतकं जीवशास्त्र मला बी.एड.मध्ये कोणी शिकवलं नव्हतं.

ही उरलेली फिल्म सर्वांत छान सांगायची ती तळ्यापलीकडच्या टोलीवरची, त्या चार घरांच्या वस्तीतली, एक मुलगी. बारीक, सावळी, बोलायला लागली की वेणी पुढे घेऊन तिच्याशी चाळा करणारी. तिच्या फिल्ममध्ये मुंग्यासुद्धा एकमेकींना टोमणे मारत. बाकीच्यांची पाळी असली तरी पोरं ओरडायची, "तिले सांगू द्या न मॅडम!"

त्या वर्षी धान कापून झाल्यावर तिचा बाप गावातल्या बाकीच्यांबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेला. होळीला सगळे परत आले, तो आला नाही. कोणी म्हणे, पुढे कुठे दुसऱ्या कामाला लागला. बाकीचे नजर चुकवत, आणि ते जास्त वाईट होतं.

नेमकी तेव्हाच मी धनेश पक्ष्याची फिल्म लावली. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा लिंपून दार बुजवून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. आत अंडी, पुढे पिल्लं. नर दिवसभर फिरून उंबरं, वडाची फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. "आणि नर आलाच नाही तर?" असं मी सवयीने विचारलं. तेवढ्यात लाईट गेली. टीव्हीवर शेवटी दिसला तो उडून गेलेला नर आणि ती फट.

पाळी तिचीच होती. ती उभी राहिली, वेणी पुढे घेतली, पुन्हा मागे टाकली. मग म्हणाली, "मी नाही सांगत जी. खरं काय होते ते पाहू." मागच्या बाकावरच्यांनीही दप्तरं आवरायला घेतली.

मी मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घेतली आणि रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. सकाळी लाईट असायची. मुलगी आली, सोबत तिची आईही आली. कडेवर लहान बहीण. आई आत बसायला तयार होईना, दाराशीच उभी राहिली. टीव्हीवर नर आला, चोचीत उंबर होतं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मुलीने मागे वळून आईकडे पाहिलं. मुलीचा तो चेहरा मला अजून दिसतो.

फिल्म मात्र तिथे संपत नव्हती. पिल्लं मोठी होतात, त्यांची भूक नराला एकट्याला पुरवेना, तेव्हा मादी चोचीने दार फोडून बाहेर येते. तीही चारा आणू लागते. मागे आत पिल्लं स्वतःच ते दार पुन्हा लिंपून घेतात. आईने दारातून विचारलं, "आतून फोडलन का तिनं?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि कडेवरची पोर सावरून घेतली.

पुढच्या आठवड्यात मुलगी शाळेत आली नाही. आई बायांच्या टोळीबरोबर नागपूरला बांधकामावर गेली, असं पोरांनी सांगितलं. ते आईने आधीच ठरवलं होतं की त्या रविवारी, हे मला कधीच कळलं नाही. उन्हाळ्याच्या सुटीनंतर त्या घराला कुलूप होतं.

आता शाळेत इन्व्हर्टर आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे, निवेदक शुद्ध मराठीत बोलतो. फिल्म अथपासून इतिपर्यंत चालते आणि पोरं जांभया देतात. मध्येच थांबवून विचारलं, पुढे काय होईल, तर म्हणतात, "मॅडम, चालू करा न, कळनच." त्यांचं चुकत नाही. पण मला तो दुपारचा तास हवा आहे, तो हिरवा वाघ हवा आहे, आणि वेणीशी चाळा करत उभी राहणारी ती मुलगी हवी आहे. कोहमाऱ्याच्या थांब्यावर आज ती असेल त्या वयाची कोणी बाई कडेवर पोर घेऊन दिसली की मी अजून वाकून चेहरा बघते.

त्या वर्षी परीक्षेच्या आधी मी एकदाच टोलीवर गेले होते. दार आतून लावलेलं. हाक मारली तर आतून तिचा आवाज आला, "मॅडम, दार उघडाचं नाही सांगतलं आहे मायनं." बहिणीचं रडणं ऐकू येत होतं. मी दाराबाहेरूनच म्हटलं, पेपरला तरी ये. ती म्हणाली, "माय आली तं येईन."

मी जायला वळले, तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, ढोल फोडून गेली ते माय, किती दिवसानं येते वापस?"

"दिवस कसले?" मी म्हटलं. "ती दिवसातून कितीदा तरी येते, चारा घेऊन."

आत बहिणीला थोपटल्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "मंग ते जवळच जात असन."