लेकीचं लंघन

डाळ, दूध, अंडं, पनीर, दाणे: माझ्या लेकीसाठी हे सगळं विष आहे. प्रथिनं पचली की त्यांची अ‍ॅमिनो आम्लं होतात. त्यांतलं एक, फेनिलअ‍ॅलनिन, तिच्या यकृताला मोडता येत नाही. ते रक्तात साठतं आणि मेंदूवर उठतं. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्तावरून हे कळलं. तेव्हापासून नऊ वर्षं ती मोजून दिलेला भात, मोजून दिलेला बटाटा खाते आणि एक पावडर पिते. ते एक आम्ल सोडून बाकीची सगळी त्या पावडरीत असतात. वास असा की मी स्वतः नाक मुरडते आणि तिला मात्र 'गुपचूप पी' म्हणते.

ही पावडर इथे आखातात इन्शुरन्सवर मिळते. इन्शुरन्स नवऱ्याच्या नोकरीवर, नोकरी साहेबाच्या मर्जीवर. म्हणून अल रीम बेटावरच्या एका टॉवरच्या एकतिसाव्या मजल्यावर आम्ही अडकलोय. खिडकी चार बोटं उघडते. पुण्याला परत जाऊ या, असं म्हणणं मी कधीच सोडून दिलंय.

गेल्या हिवाळ्यात लेकीला ताप आला आणि त्या आठवड्याच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये फेनिलअ‍ॅलनिन वाढलेलं निघालं. तेव्हा सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या. माझी खात्रीच पटली. आजारी नातीला मऊ वरण-भात भरवावा, असं कुठल्या आजीला वाटणार नाही?

"आई, खरं सांगा, वरण दिलंत ना?"

"अगं, आजी आहे मी तिची, वैरीण नाही."

त्या रडल्या. तरी मी विश्वास ठेवला नाही. माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं.

स्वयंपाकघरातल्या कपाटाला मी कुलूप लावलं. मग आमच्या माहेरचा जुना उपाय काढला: बिघडलं की लंघन. डाएटिशियनला विचारायची गरजही वाटली नाही. ताप उतरला होता, पण मी भात निम्मा केला आणि बटाटा बंद. आत काही गेलंच नाही तर वाढणार कसं, असा माझा सरळ हिशेब. लेक सोफ्यावर पडून राहायची. मी म्हणायचे, अशक्तपणा आहे, जाईल.

पुढचा रिपोर्ट आणखी वर.

हॉस्पिटलमधल्या डाएटिशियन केरळच्या, शांत बाई. लेकीच्या खाण्याच्या नोंदींची माझी वही त्यांनी दोनदा वाचली.

"मॅडम, इतना कम क्यों दिया? बाहर से कुछ नहीं आया. बुखार हो या खाना न मिले, बॉडी अपने ही मसल्स तोड़ती है. उसमें भी वही अ‍ॅमिनो अ‍ॅसिड है."

म्हणजे माझी लेक आठवडाभर स्वतःलाच खात होती, आणि चोर मी घरात शोधत होते. मला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त भीती.

"तुम को भूख नहीं लगी, बेटा? मम्मा को बताया नहीं?" बाईंनी लेकीला विचारलं.

लेक बुटांकडे बघतच म्हणाली,

"आय टोल्ड हर. शी स्मेल्ड माय माउथ टू सी इफ आय एट समथिंग. सो आय स्टॉप्ड टेलिंग."

बाई माझ्याकडे वळल्या. असं काही नाही हो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण सगळं अगदी तसंच घडलं होतं.