सावडीचे चार दिवस

रामहरी शब्दाचा इतका पक्का, की त्याचा राग यावा. वाळूजच्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून पॅकिंगला होता, सलग पाच वर्षं. सलग म्हणायचं आपलं. ठेकेदाराचा करार अकरा महिन्यांचा असायचा. तो संपला की अठ्ठावीस दिवसांचा ब्रेक, आणि मग पुन्हा नवा करार, पहिल्यापासून. कोणी कायम होऊन डोक्यावर बसू नये म्हणून ही सगळी तजवीज.

ब्रेक लागला की बाकीचे कामगार दुसरीकडे हजेरी शोधत फिरायचे. हा गडी मात्र पिशवी खांद्याला लावून गंगापूरची जीप धरायचा. तिकडे त्याचा थोरला भाऊ मुंजाबा मेंढरं राखतो. ब्रेकच्या दिवसांत लोकर कातरायची वेळ यायची आणि रामहरीचा हात कातरीला असा बसलेला, की मेंढी अंगावरची लोकर उतरेपर्यंत हूं की चूं करायची नाही. पॅकिंगच्या खोक्यांत वर्षभर मान घालून बसलेला माणूस तिथं गेला की हसायचा. सत्यशीला, त्याची बायको, म्हणायची, "तिकडनं आले की आठ दिवस माणसात असतेत."

ही कातरणी सावडीवर चालते. आज चार घरच्यांनी मिळून तुझी मेंढरं कातरायची, उद्या त्याची, परवा माझी. आपली कातरून घेतली आणि दुसऱ्याची पाळी आली तेव्हा जो निघून गेला, त्याच्या मेंढरांना पुढच्या वर्षी कोणी कातर लावत नाही. तसं कोणी बोलून दाखवत नाही, पण रामहरीला हे लहानपणापासून ठाऊक.

त्या ठेकेदारानं एक गोष्ट बरी केली होती. कराराबरोबर नवरा-बायकोचा आरोग्य विमा असायचा, तोही अकरा महिन्यांचाच. पाचवा करार संपला, ठेका दुसऱ्याकडे गेला आणि रामहरी एका छोट्या वर्कशॉपला लागला. तिथं विमाबिमा काही नव्हता. म्हणून एकोणिसाव्या दिवशी त्यानं उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात जाऊन त्याच विमा कंपनीची वर्षाची पॉलिसी स्वतः काढली. फॉर्मवर विचारलं होतं, जुनं दुखणं काही? सत्यशीलाची कंबर दहा वर्षांपासून धरत होती. त्यानं ते लिहिलं. न लिहून चाललं असतं असं सांगणारे चार जण भेटले, पण हा लिहूनच आला. जुन्या दुखण्याला छत्तीस महिने थांबायचं होतं, फक्त आधीच्या विम्याचे महिने त्यात धरले जाणार होते.

वर्ष सरताच त्यानं हप्ता भरून पॉलिसी पुढं चालू ठेवली. यंदा तिला चौदा महिने झाले आणि सत्यशीलाचं कंबरेचं दुखणं पायात उतरलं. मणक्यातली नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन करून घ्या. पावलांची जाण गेली तर ती परत येईल याची खात्री नाही. सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसत नव्हतं, ते विचारून झालं होतं. मुंजाबानं सगळी मेंढरं विकायला काढली असती, तरी निम्मं भागलं नसतं. रामहरीनं बोटांवर हिशेब केला. चौदा, त्याच्या आधीचे अकरा, त्याच्या आधीचे अकरा. छत्तीस बरोबर भरले. पुंडलिकनगरच्या खोलीत तो बायकोला म्हणाला, "देवानंच मोजून ठेवलेत बघ."

विमा कंपनीच्या उस्मानपुऱ्याच्या ऑफिसात करुणा नावाची मुलगी होती. बिचारीनं नीट बसवून घेतलं, पाणी दिलं.

"काका, छोट्या मुदतीची पॉलिसी आम्ही धरतो," ती म्हणाली. "फक्त दोन पॉलिसींच्या मधे तीस दिवसांपेक्षा जास्त खंड नको."

"मग झालंच की. ब्रेक अठ्ठावीसचाच असतो."

तिनं पेन्सिल फिरवली. शेवटचा खंड एकोणीस दिवसांचा, तो ठीक. त्याच्या आधीचा चौतीस.

"विमा तुम्ही कामावर हजर झालात त्या दिवसापासून सुरू होतो. त्या वर्षी तुम्ही सहा दिवस उशिरा आलात. कुठं होतात?"

रामहरीला सगळं लख्ख आठवलं. त्या वर्षी अवकाळी पावसानं मेंढरं भिजली होती. ओली लोकर कातरता येत नाही, म्हणून कातरणी लांबली. मुंजाबाची मेंढरं सत्ताविसाव्या दिवशी झाली. सावडीतल्या फकिराची आणि आणखी दोन घरची राहिली होती. सुपरवायझरचा फोन आला, तेव्हा यानं छातीठोक सांगितलं होतं, "सावड फेडतो अन् येतो." तीस दिवसांची अट कागदावर होती म्हणे, तिसऱ्या पानावर, इंग्रजीत.

"बाई, ते वरचे चार दिवस पुढं घ्या ना माझ्याकडनं," तो म्हणाला. "चार दिवस जास्ती थांबतो. आठ घ्या."

"तसं नसतं काका."

"का नसतं? चुकली पाळी तर माणूस नंतर फेडतो की."

करुणानं पुन्हा बेरीज केली. खंडाच्या आधीचं सगळं गेलं होतं. पंचवीस महिने उरले आणि अजून अकरा थांबायचं होतं. ज्यानं जन्मभर कुणाची पाळी बुडवली नाही, त्याची चार दिवसांची पाळी फेडून घ्यायला अख्ख्या शहरात कोणी तयार नव्हतं. मला विचाराल तर असल्या नियमाला काडी लावावी.

घरी आला तेव्हा उन्हं कलली होती. सत्यशीला भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली होती. त्यानं पायाशी बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

ती म्हणाली, "फकिराभाऊजीची मेंढरं झाली होती ना पुरी?"

"व्हय."

"मग काय. अर्धी टाकून आला असता, तर मलाच लाज वाटली असती."

ती मग बोलतच राहिली. शेजारणीनं भाकरी दिली, नळाला पाणी आलं नाय, असलं काहीबाही. त्याला धीर द्यायचा म्हणून बोलत होती. रामहरी तिची पावलं हातात घेऊन दाबत होता. नवऱ्यानं पायाला हात लावला की पाप लागतं, असं म्हणून ती तीस वर्षं पाय झटकन ओढून घेत आली होती. परवासुद्धा घेतले होते.

आज तिनं ओढले नाहीत. त्यानं तिच्या पायाचा अंगठा जोरात दाबला. ती भिंतीकडे बघत पाण्याचंच सांगत होती.