गयाबाईंचा रोमन दिवा

डायरीत मी रोज संग्रहालय कधी उघडलं आणि किती माणसं आली, एवढंच लिहायला बसतो. पण माणसं नुसती मोजून घेतात होय? बोलतात! मग पान पुरत नाही.

आमचं संग्रहालय मुरुडजवळ (समुद्राकाठचं नव्हे, आतलं मुरुड), तीन खोल्यांचं. कधीकाळी या भागाचा रोमशी व्यापार चालायचा, त्याच्या खुणा इथं मांडल्यात. मी कारकून. शौकतभाई शिपाई, आणि गाईडही तेच.

एकदा हदगावचं वऱ्हाड वाट वाकडी करून आलं. एक काका कपाटं बघून वैतागले, "सगळं फुटकंच ठिवलंय की!"

शौकतभाई अदबीनं म्हणाले, "काका, लग्नातली भांडी दोन हजार वर्षांनी घेऊन या. शेजारीच मांडू!"

आमच्या कायमच्या पाहुण्या म्हणजे गयाबाई. दर आठवडी बाजाराला येतात. कोपऱ्यातला मातीचा रोमन दिवा त्यांना खुरपताना सापडला आणि पुढं त्यांनीच तो आणून दिला. पाटीवर मात्र ‘शेतात सापडलेला’ एवढंच. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांचा प्रश्न असतो, "लागलं का माझं नाव?"

एका बाजाराच्या दिवशी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंगची पोरं आली होती. टोकदार बुडाचा रोमन रांजण उभा कसा राहायचा, यावर अर्धा तास डिस्कशन. स्टँड असेल, सपोर्ट असेल...

मागून गयाबाई म्हणाल्या, "वाळूत रोवायचा की रं! घरी माठ कसा ठिवता?"

एक पोरगा हळूच म्हणाला, "आजी, आमच्याकडं फ्रिज आहे."

नावासाठी मी वर अर्ज केला. साहेबांनी पुरावा मागितला. गयाबाईंनी शेताचा सातबारा आणला, तर त्यावर नाव नवऱ्याचं!

साहेब म्हणाले, "मग पाटीवर त्यांचंच नाव लावू."

"त्यो झाडाखाली घोरत पडला होता तवा!" गयाबाई कडाडल्या. अर्ज तिथंच अडला.

मग मागच्या महिन्यात साहेब बाहेरगावचे अभ्यासक घेऊन आले. बाजाराचाच दिवस. दिव्याच्या चोचीकडं बोट दाखवून साहेब भारावून सांगू लागले, "ही बघा, अस्सल रोमन काजळी! दोन हजार वर्षं टिकलीय!"

शौकतभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

"न्हाई साहेब," गयाबाई पुढं आल्या. "ती माझी हाय. तुमाला द्यायच्या आधी दोन दिवाळ्या ह्यो दिवा तुळशीपुढं लावलाय मी. करडईचं त्याल घालून. लई झ्याक जळतोय!"

अभ्यासक वहीत लिहायला लागले. साहेबांनी जाताना माझा अडलेला अर्ज मागून घेतला.

पुढच्या बाजाराला गयाबाईंनी शौकतभाईंकडून नवी पाटी वाचून घेतली. दोनदा.

‘दिवा: रोमन. काजळी: गयाबाई.’