मौनीबुवांनी अर्धीच सांगितलेली गोष्ट

मौनीबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. धंदा केस कापायचा आणि तोंडाला कायमचं कुलूप, म्हणून लोकांनी ठेवलेलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसलं की साऱ्या वस्तीच्या खबरा फुकट मिळतात म्हणे. इथं मिळायचा तो फक्त कात्रीचा आवाज. "मान खाली" आणि "झालं" एवढ्यावर या माणसानं उभं आयुष्य काढलं.

दुकानाला लागूनच घर, मध्ये एक पडदा. बोलायचं सगळं खातं बायकोकडं. पडद्याआड भाजी निवडता निवडता ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची आणि गिऱ्हाईक आरशात बघत पडद्याला उत्तरं द्यायचं. दाढी उरकली तरी माणूस खुर्ची सोडायचा नाही.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, जीभ तेवढी जड राहिली. शब्द यायचे, पण चरून परतणाऱ्या म्हशीसारखे, आपल्या मर्जीनं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, सुटेल. ती बोलत राहिली. पण एकदा किराणा दुकानात अडखळली आणि दुकानदारानं भल्या मनानं तिचं वाक्य पुरं करून टाकलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करत आलेली बाई ती! घरी आली, पिशवी आदळली, आणि त्या दिवसापासून परक्यासमोर तोंड उघडणं बंद.

स्वतःच्या गप्प बसण्याचा मौनीबुवांना कधी त्रास झाला नव्हता. पडद्यामागची शांतता मात्र त्यांना खायला उठायची.

वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा, संध्याकाळी, लोक आपापल्या गोष्टी सांगायला जमत. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी, कागदावरून वाचायची नाही, एवढाच नियम. पूर्वी मौनीबुवांच्या बायकोचा, म्हणजे साऱ्यांच्या वहिनींचा, नंबर ठरलेला असायचा. या खेपेला मौनीबुवाच ग्रंथपाल बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"माझं नाव घाला."

बाईंनी चष्मा काढला. "तुमचं? बोलणार तुम्ही?"

"बघू."

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "फजि...ती होईल."

"होऊ दे. माझीच होईल ना? तू नुसती चल. एकदा घराबाहेर तर पड."

ती आली. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, तोंड मिटून.

हॉल भरलेला. मौनीबुवा बोलणार ही खबरच तशी होती. त्यांनी तळहात विजारीला पुसले, माईककडं सापाकडं बघावं तसं बघितलं, आणि सुरुवात केली.

"त्याचं असं झालं बघा. आमचे बाबा अंथरुणाला खिळलेले. दाढी वाढून पार साधू झालेले. तेवढ्यात दारात हे येऊन उभे. हातात पेटी, तोंडात मूग."

"हे म्हणजे कोण?" मागून निवृत्त पोस्टमनकाका ओरडले.

मौनीबुवा दचकले. "मीच की."

"आणि बाबा कुणाचे?"

"हिचे."

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. पण त्या माणसाची काय चूक? गोष्ट घडली होती त्यांच्या बाबतीत, पण ऐकली कायम बायकोच्या तोंडून. आठवायला गेले की तिचेच शब्द यायचे.

"बरं, मग ह्यांनी काय केलं?" शिंपीणबाईंनी हसू दाबत विचारलं.

"ह्यांनी साबणाचं पाणी आधी कोमट करून घेतलं. बाबांची मान जराही हलवली नाही, हेच अंथरुणाभोवती गुडघ्यांवर फिरले. दाढी झाली. मग बाबांसमोर आरसा धरला. आणि..."

आणि मौनीबुवा थांबले.

"आणि काय?"

"पुढचं मला माहीत नाही."

"अहो, तिथं तुम्हीच होतात ना?"

"होतो. आरसा दाखवला, पेटी आवरली, निघालो. पण ही सांगते त्यात पुढं काहीतरी असतं. ऐकणारे तिथं गप्प होतात." मौनीबुवांनी मान खाली घातली. "आता ही माझं कौतुक करणार असं वाटतं, म्हणून तिथवर आली की मी उठतो आणि दुकान झाडायला जातो. कधी ऐकलंच नाही."

सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या. मौनीबुवांनी डाव टाकला नव्हता. तेवढी अक्कल असती तर ते न्हावीकाम सोडून पुढारी झाले असते. ते खरोखरच रुतले होते. बायको त्यांच्याकडं अशी बघत होती, की दूध उतू जाऊ दिलं असतं तरी तिनं इतकं रागानं बघितलं नसतं.

ती उठली. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"निघाले... नाहीत. आरसा... धरून..."

शब्द अडकला. शिंपीणबाईंचे ओठ मदतीला हलले. "थांबा!" मौनीबुवा माईकमध्ये ओरडले. जन्मात इतक्या मोठ्यानं ते बोलले नव्हते. हॉल थांबला. वर पंखा करकरत राहिला.

"...धरून बसले. बाबा... बघत राहिले. कित्येक महिन्यांनी... स्वतःचं तोंड. ह्यांचा हात... भरून आला. तरी आरसा... खाली नाही घेतला. बाबांनी आपणहून... डोळे मिटले, तेव्हा... घेतला." तिनं दम घेतला. "मी दारा...आड. म्हटलं, हा माणूस... बोलला नाही तरी... चालेल. बोलायचं... मी बघते."

मौनीबुवा माईकची दांडी धरून उभे, कानाच्या पाळ्या लालबुंद.

"वहिनी, मला नीट ऐकू नाही आलं!" पोस्टमनकाका मागून म्हणाले. "मुळापासून सांगा की!"

तिनं मागं वळून काकांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"अहो, सरका. बसा... तिकडं जाऊन."

मौनीबुवांनी माईक तिच्या उंचीला उतरवला आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"आधी... ह्यांनी दारातली... बादली लवंडली," ती म्हणाली. "ते सांगायचं बरं... गाळलं!"