दहावीच्या वर्षी दादूची केबल

आमच्या कॉलनीत यंदा कोणाकडे दहावी आहे, हे शाळेच्या खालोखाल दादूला ठाऊक असायचं. दादू म्हणजे आमचा केबलवाला. मूळचा नाटे गावचा. वडिलांची मासेमारीची होडी होती, पण दादूला समुद्र लागायचा. मग तो मुंबईला जाऊन टीव्ही दुरुस्ती शिकला, परत आला, कॉलनीच्या उतारावर घराच्या छपरावर डिश अँटेनाच्या दोन छत्र्या उभ्या केल्या आणि आम्हा सगळ्यांच्या संध्याकाळी ताब्यात घेऊन बसला.

नवं वर्ष लागलं की आयांची त्याच्याकडे रीघ लागायची. "दादू, आमची केबल काढ रे. आणि पोराला फॉल्ट आहे म्हणून सांग."

आम्ही सगळ्या शिकलेल्या बायका. मुलांवर बंधनं लादू नयेत, असं मी मासिकांतून वाचलेलं. दादूने लादली तर माझी हरकत नव्हती. तो वायर सोडवायचा, टोक खिडकीच्या गजाला बांधून ठेवायचा आणि मुलाला गंभीर चेहऱ्याने कारण सांगायचा. साध्या मुलांना, "माकडांनी वायर ओढली." चौकस मुलांना, "खाऱ्या हवेने जॉइंट गंजला." आमच्या अनिशला त्याने थेट "सॅटेलाइट सरकलाय" असं सांगितलं.

"मग शेजारी कसं दिसतं, दादूकाका?"

"तुमचं घर कोपऱ्यावर हाय ना."

अनिशला ते पटलं, आणि त्याच्या विज्ञानाच्या पेपरची मला त्याच दिवशी धास्ती बसली.

ही गोष्ट २००१ सालची. अनिशबरोबर दादूची मैनाही त्या वर्षी दहावीला होती. त्यांच्या घराण्यात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. पूर्वपरीक्षेत ती गणितात नापास झाली, आणि ते कळल्यावर मला दादूच्या घराकडे पहिल्यांदा नीट बघावंसं वाटलं. घर म्हणजे एक खोली आणि मागे चूल. त्या खोलीतच केबलची सगळी यंत्रं, त्यांचे घरघरणारे पंखे आणि चित्र तपासायला दिवसभर चालू असलेला टीव्ही. त्यात फोन. दादू वायरी बघायला बाहेर गेला की फोन मैना घ्यायची. "चार नंबरला मुंग्या येतात? थांबा हं, बघते." टीव्ही बंद ठेवला तर फोन वाजायचा, फोन काढून ठेवला तर माणसं दारात यायची. कॉलनीभर मुलांना शांतता पुरवणाऱ्या माणसाच्या घरात तेवढी ती नव्हती.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सगळ्या कॉलनीची केबल गेली. दुसऱ्या संध्याकाळीही गेली. तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या हेमाताईंनी चपला घातल्या. ऐन लग्नाच्या प्रसंगात त्यांची मालिका अडकली होती. मी सोबत गेले. आमची केबल काढलेलीच होती, पण माझ्या सासूबाई मालिका बघायला हेमाताईंकडेच जायच्या, त्यामुळे घरातल्या शांततेचा प्रश्न माझाही होता.

खोलीतली यंत्रं गप्प होती. मैना भिंतीला टेकून गणितं सोडवत होती. दादू उंबऱ्यावर बसला होता.

"दादू, फॉल्ट कसला आहे?" हेमाताईंनी विचारलं.

"फॉल्ट नाय, वयनी. मीच बंद केलंय. पोरीची परीक्षा हाय."

"परीक्षा आमच्याकडे नाहीत का रे? म्हणून कोणी सगळ्यांचं बंद करतं?"

"तुमचं एकट्याचं बंद करता येतं, वयनी. माजं बटण एकच हाय, त्याला मी काय करू?"

हेमाताई हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मग तिला अभ्यासाला हिच्याकडे पाठव," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "हिच्याकडे केबल नाहीच. तिचा अभ्यास होईल, आणि आमचं…" पुढचं त्यांनी गिळलं. मला वाटलं, किती चांगली कल्पना! मुलांच्या भल्यासाठी आपण शेजारीपाजारी काय काय करतो, असं परतताना आम्ही एकमेकींना सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दादूने केबल चालू केली आणि मैना आमच्याकडे आली. दिवाणखान्यात मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि हेमाताईंकडे गणिताचे अपेक्षित प्रश्न आणायला गेले. तिथे नेमकं लग्न लागत होतं. अर्ध्यातून उठणं बरं दिसलं नसतं.

परतले तेव्हा दादू मुलीला न्यायला आमच्या फाटकात आला होता. आम्ही बरोबरच आत शिरलो. सासूबाई खुर्चीत, अनिश जमिनीवर, पुस्तकं दिवाणावर, आणि टीव्हीवर तेच लग्न. मैना स्टुलावर चढून गजाला बांधलेल्या वायरीचा स्क्रू घट्ट करत होती.

"गुडघे दुखतात रे माझे, कुठे रोज हेमाकडे जाऊ," सासूबाई दादूला म्हणाल्या. "पोर गुणाची हो तुझी. एका मिनिटात जोडलंन."

"आजींनी सांगितलं, बाबा," मैना स्टुलावरूनच म्हणाली. "चित्र अजून हलतंय, थांबा."

"येतो, आजी," एवढंच दादू म्हणाला. त्याने मैनाची वही उचलली आणि तिला घेऊन गेला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. हातातले अपेक्षित प्रश्न मी टीव्हीवर ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून दादूने रोज संध्याकाळी कॉलनीची केबल पुन्हा बंद ठेवली. कोणी रागावलं, कोणी विनवण्या केल्या. कोणी समजावलं की एका मुलीसाठी एवढ्या घरांचं मनोरंजन बंद ठेवणं हे काही सुसंस्कृत समाजाचं लक्षण नव्हे. अखेर कॉलनीची बैठक झाली. मुलांच्या अभ्यासाच्या विषयावर कधी एवढी माणसं जमली नव्हती. वरच्या नाक्यावरच्या केबलवाल्याकडे जायचं, असं एकमताने ठरलं. मीही हात वर केला. बाकी सगळ्यांचे वर असताना आपला एकटीचा खाली कसा ठेवणार?

नव्या माणसांची वायर उतारावरून यायची होती, आणि वाटेत दादूचंच घर. भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती माणसं त्याच्या भिंतीत खिळा मारायला आली. आता भांडण होणार म्हणून आम्ही बायका फाटकांशी जमलो.

दादू बाहेर आला. त्याने त्यांच्या हातातला हातोडा अलगद काढून घेतला आणि सुतळीचं बंडल पुढे केलं.

"खिळा नको. छत्रीच्या पायाला बांधा, पक्कं ऱ्हाईल," तो हळू आवाजात म्हणाला. "नि बोलू नका रे जास्त. आत पोरगी भूमिती करतेय."